जन्म, कर्तृत्व आणि सत्ता : तिबेटी सरदार त्सारोंग दसांग द्रादुल यांची राजकीय कारकीर्द

तिबेट हे बौद्ध राष्ट्र असल्यामुळे तेथील समाजात जन्माधिष्ठित उच्चनीचतेला स्थान नसावे, असा एक समज आपल्याकडील धम्मबांधवांत आढळतो. याच्या अगदी उलट टोकाला, तिबेट म्हणजे केवळ सरंजामशाही आणि पुरोहितशाही, असे चित्र चीनच्या बाजूने रंगविले गेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन्ही चित्रांवर विसंबून राहता येत नाही. एखाद्या समाजाचे खरे स्वरूप त्याच्या धर्मग्रंथांतून जितके कळते, त्याहून अधिक ते त्या समाजातील सत्ता कोणाच्या हाती होती, ती कोणाला मिळू शकत होती आणि मिळालेली सत्ता कशी हिरावली जात होती, यावरून कळते. या दृष्टीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील तिबेटी मुत्सद्दी व सेनापती त्सारोंग दसांग द्रादुल (१८८८-१९५९) यांची कारकीर्द विशेष उद्बोधक आहे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा पुरुष राष्ट्राचा सरसेनापती झाला, मंत्री झाला, तिबेटमधील अग्रगण्य सरदार घराण्याचा प्रमुख झाला आणि अखेर चिनी तुरुंगात मरण पावला.

उमरावशाहीची घडण

त्सारोंग यांच्या उत्कर्षाचे वेगळेपण समजण्यासाठी तत्कालीन राज्यव्यवस्था थोडक्यात पाहिली पाहिजे. ल्हासाचे सरकार दलाई लामांच्या नावाने चालत असे. त्यांच्या खाली ‘काशाग’ नावाचे मंत्रिमंडळ होते. त्यात सामान्यतः चार मंत्री, म्हणजे ‘कालोन’ असत. त्यांपैकी तीन गृहस्थ आणि एक भिक्खू. राज्यकारभारातील अधिकाऱ्यांचे दोन समांतर वर्ग होते. भिक्खू अधिकाऱ्यांची संख्या परंपरेने १७५ मानली जाई आणि गृहस्थ अधिकाऱ्यांचीही १७५. गृहस्थ अधिकारी ‘कुद्राक’ म्हणजे उमराव घराण्यांतूनच येत. उमरावाकडे वंशपरंपरागत जहागीर असे आणि त्या जहागिरीच्या मोबदल्यात घराण्याने सरकारी सेवेसाठी पुरुष पुरवावा, असा दंडक होता. जमीन कसणारी प्रजा ‘मिसेर’ म्हणून ओळखली जाई. ती सरकारच्या, उमरावांच्या वा महाविहारांच्या जमिनीशी बांधलेली असे आणि तिला कराबरोबर वेठही द्यावी लागे. सरकारी प्रवाशांसाठी जनावरे व हमाल पुरविण्याची सक्ती हा या वेठीतील अतिशय जाचक भाग होता.

या उतरंडीच्या तळाशी खाटीक, लोहार आणि प्रेतांची विल्हेवाट लावणारे ‘राग्याबा’ होते. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार टाळला जाई. भारतातील अस्पृश्यतेला ज्या प्रकारचे धर्मशास्त्र लाभले तसे शास्त्र त्यामागे नव्हते, त्याची तीव्रताही तेवढी नव्हती. परंतु धंद्यावरून आणि जन्मावरून माणसाला हीन लेखण्याची वृत्ती होती, हे नाकारता येत नाही. मनुष्य जन्माने वृषल होत नाही, कर्माने होतो, हा तथागतांचा वसल सुत्तातील उपदेश ज्यांच्या आदरणीय परंपरेचा भाग आहे, त्या समाजाची ही वस्तुस्थिती होती.

चाकसामचा वीर

ल्हासाच्या उत्तरेस असलेल्या फेनपो खोऱ्यात १८८८ साली एका सामान्य कुटुंबात नामगांग या मुलाचा जन्म झाला. बालवयातच तो ल्हासाला आला आणि पुढे तेराव्या दलाई लामांच्या खाजगी सेवेत रुजू झाला. हा मुलगा चपळ, धीट व विश्वासू असल्याचे दलाई लामांनी लवकरच हेरले. १९०४ साली यंगहजबंड यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश फौज ल्हासात शिरली, तेव्हा दलाई लामा मंगोलियाकडे निघून गेले. त्या दीर्घ प्रवासात नामगांग त्यांच्याबरोबर होते. मंगोलिया व पेकिंग पाहून आलेल्या या तरुणाला जग किती पुढे गेले आहे आणि तिबेट कोठे उभा आहे, याची जाणीव त्या वयातच झाली असावी.

दलाई लामा १९०९ च्या अखेरीस ल्हासाला परतले. परंतु फेब्रुवारी १९१० मध्ये मांचू साम्राज्याची चिनी फौज ल्हासात आली आणि त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. या वेळी त्यांनी भारताची वाट धरली. पाठलाग करणाऱ्या चिनी तुकडीला त्सांगपो नदीवरील चाकसामच्या उतारावर नामगांग यांनी मूठभर सहकाऱ्यांसह रोखून धरले. मिळालेल्या अवधीत दलाई लामा सीमेकडे सरकले व सुखरूप भारतात पोहोचले. त्या वेळी नामगांग अवघ्या बावीस वर्षांचे होते. ‘चाकसामचा वीर’ ही त्यांची ख्याती पुढे आयुष्यभर टिकली.

१९११ च्या क्रांतीने मांचू राजवट कोसळली आणि ल्हासातील चिनी सैन्यात बेबंदशाही माजली. तिबेटींनी उठाव केला. दलाई लामांनी नामगांग यांना १९१२ साली सेनापती म्हणून ल्हासाला पाठविले. तेथे गुप्तपणे उभारलेल्या युद्धखात्याचे अधिकारी त्रिमोन व जाम्पा तेंदार यांच्यासमवेत त्यांनी काम केले. अखेर नेपाळी प्रतिनिधीच्या मध्यस्थीने चिनी फौजेने शस्त्रे खाली ठेवली व ती भारतमार्गे मायदेशी परतली. या संघर्षात सर्व तिबेटी एका बाजूला होते असे नाही. ल्हासातील तेंग्येलिंग विहाराने चिन्यांना साथ दिली होती आणि त्याची किंमत म्हणून तो विहार पुढे बरखास्त झाला.

शेतकरीपुत्र सरदार होतो

याच उलथापालथीत नामगांग यांचे सामाजिक स्थान पालटले. त्सारोंग हे प्राचीन घराणे. थोर वैद्य युथोक योंतेन गोन्पो यांच्यापासून ते आपली वंशपरंपरा सांगत असे. या घराण्याचे प्रमुख मंत्री त्सारोंग वांगचुक ग्याल्पो यांच्यावर चिन्यांशी संधान बांधल्याचा संशय होता. १९१२ साली ल्हासात ते आणि त्यांचा पुत्र असे दोघेही मारले गेले. घराण्यात कर्ता पुरुष उरला नाही. तेव्हा दलाई लामांनी नामगांग यांना या घराण्यात आणले. मृत पुत्राची विधवा आणि मंत्र्यांची ज्येष्ठ कन्या पेमा डोलकार यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तिबेटी प्रथेनुसार ‘मग्पा’, म्हणजे घरजावई, सासरचे नाव व जहागीर धारण करतो. त्याप्रमाणे नामगांग हे त्सारोंग झाले. ‘दसांग द्रादुल’ हे नाव व ‘द्झासा’ हा उच्च किताब त्यांना मिळाला. लवकरच ते सैन्याचे सरसेनापती आणि काशागचे मंत्री झाले.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. शेतकऱ्याचा मुलगा मंत्री होऊ शकला, हे तिबेटी समाजाच्या लवचीकपणाचे द्योतक म्हणून सांगता येईल. आणि ते काही अंशी खरेही आहे. आपल्याकडील पेशवाईत अतिशूद्राच्या मुलास अशा पदाची कल्पनाही करता आली नसती. परंतु नामगांग हे नामगांग राहून मंत्री झाले नाहीत, त्यासाठी त्यांना त्सारोंग व्हावे लागले. कर्तृत्वाला मान्यता मिळाली ती वंशाचे वस्त्र पांघरल्यावरच. शिवाय हे दार उघडले एका सर्वसत्ताधीश धर्मगुरूच्या मर्जीने. फेनपोच्या इतर शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ते दार पूर्वीप्रमाणेच बंद राहिले. अपवादाला आपल्यात सामावून घेऊन व्यवस्था अबाधित राहिली. जुन्या उमरावांनी या नव्या सरदारास वरकरणी स्वीकारले. मात्र ‘सामान्य कुळातला’ ही कुजबुज थांबली नाही.

सैन्य, कर आणि महाविहार

१९१३ च्या प्रारंभी दलाई लामांनी जो जाहीरनामा काढला, तो तिबेटच्या स्वातंत्र्याची घोषणा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातील सामाजिक कलमांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. अधिकाऱ्यांनी प्रजेवर अन्याय्य बोजा लादू नये, पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्यास तीन वर्षे करमाफी असावी आणि अंगच्छेदाची शिक्षा यापुढे देऊ नये, असे त्यात म्हटले होते. त्याच साली चार तिबेटी मुले इंग्लंडमधील रग्बी येथे शिक्षणासाठी धाडण्यात आली. त्यांपैकी रिंगांग यांनी पुढे ल्हासात जलविद्युत् आणली. देश बदलू पाहत होता.

या बदलाचा लष्करी आधारस्तंभ त्सारोंग होते. १९१४ च्या सिमला परिषदेनंतर ब्रिटिश भारताकडून ५००० बंदुका मिळाल्या. ग्यान्त्से येथे तिबेटी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळू लागले. १९१८ साली पूर्वेकडील खाममध्ये तिबेटी फौजेने चामदो परत घेतले. ही फौज आणखी वाढवावी, ती सुमारे १५,००० पर्यंत न्यावी, असा त्सारोंग यांचा आग्रह होता. १९२० च्या अखेरीस ल्हासात आलेले ब्रिटिश अधिकारी चार्ल्स बेल यांचेही मत तसेच होते.

परंतु सैन्याला पैसा लागतो, आणि पैसा जमिनीत होता. जमीन होती उमरावांकडे व महाविहारांकडे. सरकारने महसूल वाढविण्यासाठी जहागिरींची तपासणी सुरू केली, तेव्हा दोन्ही वर्ग अस्वस्थ झाले. द्रेपुंग, सेरा व गांदेन या ल्हासाजवळील तीन महाविहारांची परंपरेने मानलेली भिक्खूसंख्या अनुक्रमे ७७००, ५५०० व ३३०० होती. प्रत्यक्षात ती त्याहूनही अधिक असे. देशाच्या साऱ्या सैन्यापेक्षा राजधानीभोवतीचे भिक्खू संख्येने अधिक होते. १९२१ साली द्रेपुंगच्या लोसेलिंग महाविद्यालयातील भिक्खू मालमत्तेच्या वादातून थेट दलाई लामांच्या नोर्बुलिंका उद्यानप्रासादावर चालून आले आणि सरकारला सैन्य आणून विहाराला वेढा द्यावा लागला. त्याच सुमारास लष्करी अधिकाऱ्यांनी राष्ट्रीय सभेत आपणांस प्रतिनिधित्व मिळावे अशी मागणी केल्याने भिक्खू अधिकारी व सैन्य यांच्यातील तेढ उघड झाली. शिगात्सेच्या ताशील्हुन्पो विहाराकडून लष्करी खर्चाचा चौथा हिस्सा मागण्यात आला. त्या वादाची परिणती म्हणून १९२३ च्या अखेरीस पंचेन लामा देश सोडून मंगोलिया व चीनकडे निघून गेले. पुढे चीनला तिबेटच्या अंतर्गत कारभारात हात घालण्यासाठी हे निमित्त दीर्घकाळ पुरले.

महाविहारांच्या विरोधामागे श्रद्धेचा भागही होता, हे मान्य केले पाहिजे. परकी गणवेश, परकी कवायत, परकी भाषा यांमुळे धम्माला धोका पोहोचेल, अशी भीती अनेक भिक्खूंना प्रामाणिकपणे वाटत होती. पण त्या श्रद्धेला जमिनीच्या हितसंबंधांची जोड होती. १९२३ साली ग्यान्त्सेला फ्रँक लडलो यांनी चालविलेली इंग्रजी शाळा सुरू झाली, ती १९२६ साली बंद पडली. ज्या परंपरेने नालंदा व विक्रमशिलेचा ज्ञानवारसा शतकानुशतके जपला, त्याच परंपरेच्या वारसदारांनी एका छोट्या शाळेला धम्माचा शत्रू मानावे, ही तिबेटच्या इतिहासातील वेदनादायक विसंगती होय.

पतन

१९२४ साली ल्हासातील नवे पोलीस दल आणि सैनिक यांच्यात चकमक झडली व त्यात एका पोलिसाचा मृत्यू झाला. सरसेनापती त्सारोंग यांनी दोषी सैनिकांना तत्काळ अंगच्छेदाची शिक्षा दिली. जी शिक्षा त्यांच्या आश्रयदात्यानेच १९१३ साली निषिद्ध ठरविली होती, ती त्यांनी दलाई लामांची अनुमती न घेता अमलात आणली. विरोधकांना हवी ती संधी मिळाली. लष्करी अधिकारी दलाई लामांची ऐहिक सत्ता काढून घेण्याच्या विचारात आहेत, अशा वार्ता ल्हासात पसरल्या. त्सारोंग यात्रेच्या निमित्ताने भारत व नेपाळकडे गेले असता त्यांच्या पश्चात लष्करी अधिकाऱ्यांना एकेक करून दूर करण्यात आले आणि १९२५ साली परतल्यावर त्यांचे स्वतःचे सरसेनापतिपदही गेले. काही वर्षांनी मंत्रिपदही गेले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. आधुनिक सैन्य, आधुनिक शस्त्रे व आधुनिक शिक्षण यांचा पुरस्कार करणाऱ्या पुरुषाने मध्ययुगीन शिक्षा का दिली? याचे उत्तर त्यांच्या सुधारणेच्या मर्यादेत सापडते. त्यांना बंदुका आधुनिक हव्या होत्या. त्या बंदुका उचलणाऱ्या सैनिकाचे आणि त्याचा खर्च उचलणाऱ्या मिसेराचे हक्क हा विषय त्यांच्या कार्यक्रमात नव्हता. ज्या वर्गातून ते स्वतः आले, त्या वर्गाला आपल्या बाजूने उभे करण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. परिणामी आश्रयदात्याची दृष्टी फिरताच त्यांच्या मागे कोणीही उभे राहिले नाही. जनतेत न रुजलेली सुधारणा एका व्यक्तीच्या मर्जीवर जगते आणि त्या मर्जीबरोबर संपते.

तरीही त्सारोंग खचले नाहीत. ल्हासाजवळच्या द्राप्ची येथे टाकसाळ, वीज व दारूगोळा ही कामे एकत्र आणण्यात आली, तेथे त्यांनी दीर्घकाळ काम पाहिले. कलकत्त्याहून आणलेल्या लोखंडी तुळयांनी त्यांनी त्रिसुम येथे पूल बांधला. ते सुधारक मुत्सद्दी होते, तसेच हौशी छायाचित्रकार व कुशल व्यापारीही होते. पेमा डोलकार यांच्या धाकट्या भगिनी रिंचेन डोलमा यांना त्यांनी दार्जिलिंगला इंग्रजी शिक्षणासाठी पाठविले. एका तिबेटी मुलीच्या बाबतीत ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. हेच शिक्षण पुढे निर्वासित मुलांच्या उपयोगी पडले. १९५९ नंतर मसुरीच्या तिबेटी बालगृहांची जबाबदारी रिंचेन डोलमा तारिंग यांनीच सांभाळली.

तेराव्या दलाई लामांचे १७ डिसेंबर १९३३ रोजी निधन झाले आणि सत्तेसाठी झुंज सुरू झाली. दुसरे सुधारणावादी उमराव लुंगशार यांनी १९३४ साली मंत्र्यांची सत्ता मर्यादित करण्याची चळवळ केली. त्यांना अटक होऊन त्यांचे डोळे काढण्यात आले. जाहीरनाम्यातील दयेचे कलम पुन्हा एकदा कागदावरच राहिले. त्सारोंग या झुंजीपासून दूर राहिले म्हणून वाचले. पण आधुनिक सैन्याचा कार्यक्रम आता वाऱ्यावर गेला होता.

पाव शतकानंतरचा हिशेब

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी मुक्तिसेनेने द्रिचू नदी ओलांडली. तिबेटची सारी फौज साधारण साडेआठ हजारांची होती आणि तीही विखुरलेली. १९ ऑक्टोबर रोजी चामदो पडले. प्रांताधिपती न्गापो न्गावांग जिग्मे यांनी शरणागती पत्करली आणि २३ मे १९५१ रोजी पेकिंगमध्ये त्यांनीच सतरा कलमी करारावर सही केली. १९२० च्या सुमारास त्सारोंग यांनी मागितलेले सैन्य उभे राहिले असते तरी चीनसारख्या महासत्तेपुढे ते कितपत टिकले असते, हे सांगता येत नाही. परंतु तीस वर्षांचा अवधी हाती असता देशाने ना सैन्य उभारले, ना शाळा वाढविल्या, ना राष्ट्रसंघात प्रवेश मागितला. हे नुकसान बाहेरच्या शत्रूने केलेले नव्हते.

वृद्धापकाळी त्सारोंग यांनी काही काळ कालिम्पोंगमध्ये काढला. भारतात निवांतपणे राहणे त्यांना शक्य होते, तरी ते ल्हासाला परतले. मार्च १९५९ मध्ये राजधानीत उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री चौदावे दलाई लामा नोर्बुलिंका सोडून भारताकडे निघाले आणि २० मार्च रोजी तोफांचा मारा सुरू झाला. उठावातील लोकांनी ज्या वडीलधाऱ्यांकडे नेतृत्वासाठी पाहिले, त्यांत एकाहत्तर वर्षांचे त्सारोंग होते. ते पकडले गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात तुरुंगात मरण पावले. जमीनदारवर्गाच्या विरोधात शेतकऱ्यांच्या नावाने आलेल्या राजवटीने फेनपोच्या शेतकरीपुत्राचा शेवट जमीनदार म्हणून केला.

आपल्यासाठी बोध

परमपूज्य बाबासाहेबांचे तिबेटच्या प्रश्नाकडे बारकाईने लक्ष होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना त्यांनी भारत-चीन करारातील पंचशीलाच्या भाषेवर टीका केली. पंचशील हा बुद्धधम्माचा भाग आहे, आणि ज्यांना त्यावर विश्वास आहे त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना कसे वागविले ते पाहावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताला येऊन भिडली, हा धोकाही त्यांनी दाखविला. १९६२ साली त्याची प्रचीती आली.

परंतु बाबासाहेबांची दृष्टी एकांगी नव्हती. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात त्यांनी भिक्खूसंघाच्या स्थितीची कठोर चिकित्सा केली होती. संघाने लोकांची सेवा करावी, संख्येपेक्षा गुणवत्तेला महत्त्व द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. या दोन्ही भूमिका एकत्र ठेवल्या म्हणजे त्सारोंग यांच्या चरित्राचा अर्थ उलगडतो. अंतर्गत विषमता आहे म्हणून परकीय आक्रमण न्याय्य ठरत नाही. मिसेरांची मुक्ती हा तिबेटी जनतेचा हक्क होता. तिच्या नावावर देश गिळणे हा कोणाचाही हक्क नव्हता. त्याचबरोबर, राष्ट्र परक्याने गिळले म्हणून त्याची जुनी विषमता पवित्र ठरत नाही. संघाच्या हाती जमीन, कर आणि सत्ता आली की तो शाळेला भिऊ लागतो. सुधारकाने आपल्या मूळच्या माणसांकडे पाठ फिरविली की त्याच्या संकटकाळी ती माणसे त्याला ओळखत नाहीत.

भारतात आलेल्या तिबेटी समाजाने हा धडा काही प्रमाणात गिरविला आहे. १९६० पासून निर्वासित तिबेटींनी निवडून दिलेले प्रतिनिधी काम करू लागले आणि २०११ साली चौदाव्या दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार निर्वाचित नेतृत्वाकडे सोपविले. विदर्भातील गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तेथील मतदार आपला प्रतिनिधी निवडताना उमेदवाराची जहागीर पाहत नाही, कारण जहागिरीच उरल्या नाहीत. नामगांग नावाच्या मुलाला आज मंत्री होण्यासाठी दुसऱ्याच्या घराण्यात जावे लागणार नाही. देश गमावल्यानंतर हे घडले, ही इतिहासाची क्रूरता. जो समाज अद्याप आपल्या भूमीवर उभा आहे आणि ज्याने समतेसाठीच धम्म स्वीकारला आहे, त्याने आपले विहार, आपल्या संस्था आणि आपले नेतृत्व यांत कर्तृत्वाला कुळाचे, गटाचे वा मर्जीचे वस्त्र मागितले जात नाही ना, हे वेळीच तपासून पाहावे. त्सारोंग यांच्या चरित्राचा अभ्यास त्यासाठीच करावयाचा.